स्टार्चचा गोंद लाकडासाठी मजबूत आणि पाण्याला टिकेल असा कसा करायचा

मैद्याची किंवा कॉर्नफ्लॉवरची खळ कागदाला मस्त चालते, पण लाकडाला लावली की दोन तक्रारी येतात, जोर दिला की जोड सुटतो आणि पाणी लागलं की मऊ पडतो. या दोन तक्रारींचे उपाय वेगळे आहेत, आणि बरेच जण टाकणखार (बोरॅक्स) टाकला म्हणजे गोंद वॉटरप्रूफ झाला असं धरून चालतात. तसं नाहीये.

आधी खळ नीट शिजवा. १ भाग कॉर्नफ्लॉवर, ६ भाग पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ डिग्रीला फुगतो, तेव्हा मिश्रण घट्ट आणि पारदर्शक दिसायला लागतं, त्यानंतरही पाचेक मिनिटं शिजू द्या, कच्चे कण राहिले तर तिथे पकड येत नाही.

आता दोनपैकी एकच रस्ता निवडा.

नुसती पकड वाढवायची असेल तर ५० ग्रॅम पिठाला १ ग्रॅम टाकणखार, गरम पाण्यात विरघळवून, शिजलेल्या खळीत घाला. टाकणखार स्टार्चच्या साखळ्या एकमेकींना बांधतो म्हणून खळ जास्त चिकट होते, बुरशीही कमी लागते. पण ही बांधणी पाण्यात सुटते, त्यामुळे कोरड्या जागेसाठीच. टाकणखार पोटात जाऊ द्यायचा नाही, भांडं वेगळं ठेवा आणि मुलांपासून लांब.

पाण्याचा त्रास असेल तर टाकणखार नको. खळ शिजताना चमचाभर व्हिनेगर घाला, थोडी पातळ होऊन लाकडात जास्त मुरते. पूर्ण गार झाली की वॉटरप्रूफ ग्रेडचा पांढरा गोंद (लाकडाला वापरतात तो फेव्हिकॉलसारखा, म्हणजे पीव्हीए) निम्मा-निम्मा मिसळा. त्याचा पॉलिमर सुकताना फिल्म धरतो आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो, स्टार्चला एकट्याला हे जमत नाही कारण त्याचं अंगच पाणी ओढणारं आहे. आणि हे लक्षात ठेवा, टाकणखार आणि पांढरा गोंद एकत्र केले तर रबरासारखा गोळा होतो, सगळा माल फुकट.

लावताना लाकूड सुकं हवं, रंधा मारून सपाट केलेलं. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, जाड थर सुकताना आकसून तडकतो. फळीच्या कापलेल्या टोकाला गोंद शोषला जातो, तिथे आधी एक हात लावून थोडा वाळू द्या मग दुसरा. क्लॅम्प रात्रभर ठेवा, पूर्ण सुकायला दोन-तीन दिवस तरी द्या. जोड सुकल्यावर कडांना वॉर्निश मारा, खरं संरक्षण बरंचसं तिथूनच मिळतं.

टेस्ट करायचीच, दोन टाकाऊ पट्ट्या चिकटवून आठवड्याने २४ तास पाण्यात बुडवा आणि मग हाताने ओढून बघा. लाकूड फाटलं पण जोड राहिला तर उत्तम, जोडच सरकला तर तो गोंद फोटोफ्रेम, खेळणी असल्या घरातल्या सुक्या कामालाच वापरा. बाथरूम, गच्ची, पावसात राहणारं फर्निचर, इथे हा गोंद कितीही सुधारला तरी वापरू नका.