सात आसनी गाडीचा एसी गार कसा करावा : गॅस भरण्याआधी कंडेन्सर पाहा

विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा इनोव्हा किंवा स्कॉर्पिओसारख्या मोठ्या गाड्यांबाबत एकच तक्रार ऐकू येते : पुढे बसलेल्यांना गार वाटते आणि मागच्या ओळीतील आजी-आजोबा व मुले घामाघूम होतात. अशा वेळी जो तो ‘गॅस भरून घ्या’ एवढेच सांगतो. या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. एसीचा गॅस डिझेलप्रमाणे खर्च होत नाही; तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि कमी झालाच असेल तर तो कुठून तरी गळालेला असतो. ती गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे होय.

केबिन फिल्टर बदलावा आणि मागच्या ब्लोअरची हवा आत ओढणाऱ्या जाळीसमोरचे सामान हलवावे. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

त्यानंतर मोजमाप करावे. गाडी सावलीत उभी करून दारे-काचा बंद ठेवाव्यात, हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबावे आणि मधल्या व्हेंटमध्ये साधा डिजिटल थर्मामीटर खोचावा. कोणाला तरी इंजिन १५०० आरपीएमवर धरून ठेवायला सांगून दहा मिनिटांनी आकडा लिहून घ्यावा. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने जाऊन पुन्हा आकडा पाहावा. चालत्या गाडीत हवा झपाट्याने गार होत असेल आणि उभ्या गाडीत होत नसेल, तर दोष बहुधा गॅसचा नसून पुढच्या कंडेन्सरवरून, म्हणजे गॅसमधील उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीदार भागावरून, वाहणाऱ्या हवेचा असतो. याची खात्री करण्याचा एक उपाय मी नेहमी वापरतो. गाडी उभी आणि एसी चालू असताना पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याची हलकी फवारणी करावी. दोन-तीन मिनिटांत व्हेंटचा आकडा चार-पाच अंशांनी उतरला, तर गाडीतील उष्णता बाहेर टाकण्याचे काम नीट होत नाही हे निश्चित समजावे.

आता खरे अवघड काम. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोहोंमध्ये बोटभर फट असते. गाडी धुणारे पुढून पाणी मारतात, त्यामुळे कंडेन्सर समोरून चकाचक दिसतो; मात्र त्या फटीत वर्षानुवर्षे साचलेला धुळीचा, कापसाच्या तंतूंचा आणि मेलेल्या किड्यांचा थर तसाच राहतो, किंबहुना पुढून मारलेल्या पाण्याने तो आणखी आत घट्ट बसतो. बोनेट उघडून, वरचे प्लास्टिकचे आवरण काढून, टॉर्चचा झोत वरून त्या फटीत टाकल्याशिवाय हा थर दिसत नाही. समोरून पाहून ‘कंडेन्सर स्वच्छ आहे’ असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

या कामासाठी इंजिन पूर्ण थंड असावे आणि किल्ली काढून खिशात ठेवावी, कारण काही गाड्यांत इलेक्ट्रिक पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. बऱ्याच गाड्यांत वरचे ब्रॅकेट सोडले की नळ्या न उघडता कंडेन्सर थोडा पुढे झुकतो. झुकत नसेल तर बळजबरी करू नये. ॲल्युमिनियमची नळी सांध्यापाशी चिरली तर सगळा गॅस जातो. कोरडा थर आधी मऊ, लांब दांड्याच्या ब्रशने, कंडेन्सरच्या बारीक पात्यांच्या दिशेनेच ओढून काढावा. मग बागेच्या पाइपने, कमी दाबाने, इंजिनकडून समोरच्या दिशेने पाणी सोडावे, म्हणजे घाण ज्या वाटेने आली त्याच वाटेने बाहेर पडते. प्रेशर वॉशर येथे वर्ज्य समजावा. त्याच्या धारेने कागदासारखी पातळ पाती आडवी होतात आणि मग हवा जायला वाटच उरत नाही. ॲसिड, कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा यांचाही वापर करू नये. ही रसायने ॲल्युमिनियम खातात.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट तपासावी, जिच्याकडे फार कमी कारागीर लक्ष देतात. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या कडांना फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतात. दुरुस्तीच्या वेळी त्या निघतात आणि कचऱ्यात जातात. पट्ट्या नसतील तर गाडी सिग्नलला उभी असताना रेडिएटरमागची तापलेली हवा कडेने फिरून पुन्हा कंडेन्सरवर येते, आणि कितीही धुतले तरी उभ्या गाडीत गारवा टिकत नाही. म्हणून त्या नव्याने बसवाव्यातच.

पंखाही पाहावा. इलेक्ट्रिक पंखा एसी लावल्यावर फिरला पाहिजे आणि त्याने हवा इंजिनकडे ओढली पाहिजे. इंजिनवर व्हिस्कस कपलिंगचा, म्हणजे घट्ट द्रव भरलेल्या जोडणीतून इंजिनच फिरवते असा, पंखा असेल, तर तापलेले इंजिन बंद करून, किल्ली काढून तो हाताने फिरवावा. तो जड लागला पाहिजे. सैल होऊन अनेक फेरे घेत असेल तर कपलिंग बदलावे.

काचांच्या फिल्मबाबत नियम स्पष्ट आहे : पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. काळ्या फिल्मच्या मागे लागू नये. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा पहिली एक-दोन मिनिटे उघड्या ठेवाव्यात, मागचा ब्लोअर सुरुवातीपासून लावावा आणि लांबच्या प्रवासात सातही जण बसलेले असतील तर अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी.

एवढे करून पुन्हा तेच मोजमाप घ्यावे. आकडा हलला नाही, तरच गॅसकडे वळावे, आणि हे काम घरी करू नये. जुना गॅस यंत्राने काढून त्याचे वजन करणे, किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतील हवा पूर्ण ओढून काढून, तो टिकतो का पाहणे आणि बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम काट्यावर मोजून भरणे, या तिन्ही गोष्टी होत नसतील तर तेथून परत यावे. ‘गार लागेपर्यंत’ गॅस भरणाऱ्याकडे तर गाडी देऊच नये, कारण जास्त भरलेल्या गॅसने दाब वाढतो आणि गारवा उलट घटतो. किती ग्रॅम निघाला आणि किती भरला हे बिलावर लिहून घ्यावे. निघालेला गॅस स्टिकरवरील आकड्यापेक्षा बराच कमी असेल, तर आधी गळती शोधून घ्यावी आणि मगच नवा गॅस भरू द्यावा.