सेवा क्लबचा उपक्रम: गरज ओळखण्यापासून हिशेब मिटेपर्यंत

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबच्या बैठकीत नव्या वर्षाच्या उपक्रमांचा विषय निघाला की पहिली सूचना बहुधा कार्यक्रमाची असते. कोणी गाण्यांची मैफल सुचवतो, कोणी धावण्याची स्पर्धा, कोणी सोडत. आणि त्यातून जमणाऱ्या पैशाचे काय करायचे हा प्रश्न 'पुढे बघू' म्हणून बाजूला पडतो. हा क्रम उलटा आहे. पैसे कशासाठी, किती आणि केव्हा लागणार हे कागदावर उतरल्याखेरीज निधी संकलनाची तारीख ठरवू नये. कारण देणगीदार पैसे देतो ते कामासाठी, आणि कामच धूसर असेल तर मागणाऱ्यालाही ठामपणे मागता येत नाही.

काम निवडताना क्लबच्या सभासदांनी आपसांत चर्चा करून गरजा ठरवणे सोपे असते, पण ते पुरेसे नसते. ज्यांचा त्या प्रश्नाशी रोजचा संबंध येतो असे मुख्याध्यापक, परिचारिका, सफाई कर्मचारी, वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक आणि मुख्य म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचे ती माणसे यांच्याकडे दोघा-तिघांनी जाऊन बसावे. 'तुम्हाला काय हवे?' असे विचारले तर मिळणाऱ्या वस्तूंची यादी हाती येते; 'गेल्या वर्षी तुमचे काम कुठे अडले?' असे विचारले तर खरी अडचण समोर येते. पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागोत सुरू केलेल्या पहिल्या रोटरी क्लबच्या सुरुवातीच्या लोकोपयोगी कामांत सार्वजनिक स्वच्छतागृहांचा समावेश होता. उद्घाटनाला शोभा आणणारा हा विषय नव्हे, पण शहराची ती गरज होती. गरज आणि शोभा यांत निवड करायची वेळ प्रत्येक क्लबवर येते, आणि तेव्हा कार्यकारिणीत कोणीतरी हे बोलून दाखवणारे असावे लागते.

सुचलेल्या कामांतून एक निवडण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. तेच काम दुसरी संस्था आधीच करत असेल तर तिला हात द्यावा, समांतर चूल मांडू नये. आपल्या सभासदांकडे त्या कामाला लागणारा वेळ आणि कौशल्य आहे का, हे प्रामाणिकपणे पाहावे. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा सुटते: क्लब तिथून निघाल्यावर ते काम कोण सांभाळणार? शाळेत बसवलेले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घ्या. उद्घाटनाच्या दिवशी नळाला स्वच्छ पाणी येते. काही महिन्यांनी आतली गाळणी भरते, धार बारीक होते, मुले पुन्हा जुन्या टाकीकडे वळतात आणि यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी तेवढी चकाकत राहते. गाळणी किती दिवसांनी बदलावी लागते, ती कोण विकत घेणार आणि तो खर्च कोणत्या पैशातून होणार, हे शाळेशी लेखी ठरल्याशिवाय यंत्राची मागणी नोंदवू नये. माझ्या मते, देखभालीची व्यवस्था होत नसेल तर काम कितीही चांगले असले तरी ते त्या वर्षी घेऊ नये.

शक्यतो एकच विषय धरून काही वर्षे काम करावे. लायन्स क्लबांची चळवळ १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली. १९२५ मध्ये ओहायोतील सीडर पॉइंट येथील अधिवेशनात दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या लेखिका हेलन केलर यांनी सभासदांना अंधांसाठी झटण्याचे आवाहन केले आणि नेत्रसेवा ही त्या चळवळीची कायमची ओळख बनली. रोटरीने पोलिओचे काम १९७९ मध्ये फिलिपिन्समधील लसीकरणापासून सुरू केले, १९८५ मध्ये त्याची जागतिक मोहीम केली आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींबरोबर ती आणखी मोठ्या निर्मूलन कार्यक्रमात सामील झाली. आधी एका ठिकाणी करून पाहणे आणि मग विस्तारणे, हा क्रम लहान क्लबलाही तितकाच लागू आहे. यात खरी अडचण पदांची असते. रोटरी आणि लायन्स या दोन्हींचे वर्ष १ जुलैला सुरू होते, अध्यक्ष दरवर्षी बदलतो आणि नव्या अध्यक्षाला आपल्या नावावर नवा उपक्रम हवा असतो. म्हणून दीर्घ मुदतीच्या कामाच्या समितीत मावळते, विद्यमान आणि भावी असे तिन्ही अध्यक्ष घ्यावेत, आणि काम मध्येच सोडायचे झाल्यास सर्वसाधारण सभेत ठराव लागेल असा नियम करून ठेवावा.

आता पैशाकडे येऊ. अंदाजपत्रकाची सुरुवात खर्चाच्या बाजूने करावी: कामाचा खर्च, देखभालीचा खर्च आणि अडीअडचणीसाठी थोडी राखीव रक्कम. ही बेरीज म्हणजे लागणारा निधी. निधी संकलनाच्या कार्यक्रमाचा स्वतःचा खर्च, म्हणजे सभागृह, ध्वनिव्यवस्था, छपाई, विमा, परवाने, हा वेगळ्या कागदावर मांडावा आणि तिकीटविक्री अपेक्षेच्या निम्मीच झाली तर हातात काय उरेल, हे आधीच काढावे. उत्तर शून्याच्या आसपास येत असेल तर तो समारंभ आहे, निधी संकलन नव्हे. तो करायला हरकत नाही, पण धर्मादाय कामाच्या नावाने करू नये. कार्यक्रमाचा खर्च प्रायोजकांकडून मिळवावा आणि प्रायोजकांना तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे तिकिटांची सगळी रक्कम कामाला जाते असे जाहीर करता येते. हे एक वाक्य पत्रकावर असले की तिकिटे खपवणाऱ्या सभासदाचे निम्मे काम होते. सोडत काढणार असाल तर आधी परवानगीची चौकशी करावी, कारण अनेक देशांत ती कायद्याने लॉटरीच मानली जाते.

मोठी रक्कम उभी करायची असेल तर जाहीर आवाहनाची घाई करू नये. बहुतेक मोहिमांत थोडे देणगीदार बराच मोठा हिस्सा देतात, म्हणून अशा मोजक्या लोकांना आधी प्रत्यक्ष भेटावे आणि निदान तिसरा हिस्सा आश्वासित झाल्यावरच फलक लावावेत. सभासदांनी स्वतःची वर्गणी त्याआधी भरलेली असावी. 'तुम्ही किती दिलेत?' हा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, पण प्रत्येकाच्या मनात तो असतो. भेटीत मागणी नेमकी असावी. 'जमेल ते द्या' म्हटल्यावर समोरचा माणूस सुटकेचा निःश्वास टाकून किमान रक्कम देतो. 'एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या औषधांचा खर्च आपण उचलाल का?' असे विचारल्यास त्याला होकार किंवा नकार नीट विचार करून देता येतो. नकार आला तर आभार मानून उठावे.

रोख पैशाच्या बाबतीत विश्वास आणि पद्धत या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. दानपेट्यांना क्रमांक द्यावेत, त्यांना मोहोर लावावी आणि कोणती पेटी कोणाकडे गेली याची नोंद सहीसह ठेवावी. संध्याकाळी पेटी उघडताना टेबलाशी दोघे बसावेत, आणि ते एकाच घरातले नसावेत. मोहोर शाबूत असल्याचे दोघांनी पाहावे, पेटी टेबलावर रिकामी करावी, नोटा मूल्यानुसार लावाव्यात, एकाने मोजावे, दुसऱ्याने पुन्हा मोजावे. छापील तक्त्यावर पेटीचा क्रमांक, नोटा-नाण्यांची संख्या आणि बेरीज लिहून दोघांनी सही करावी, मगच पुढची पेटी घ्यावी. मोजलेली रक्कम जशीच्या तशी बँकेत भरावी. त्यातून टेम्पोचे भाडे परस्पर चुकते करण्याचा मोह टाळावा, कारण तिथून पुढे जमा आणि खर्च यांचा मेळ बसत नाही. ज्येष्ठ सभासदांना ही पद्धत कधीकधी अविश्वासाची वाटते. प्रत्यक्षात तिचा सर्वांत मोठा आधार खजिनदारालाच असतो: उद्या कोणी शंका घेतली तर त्याच्यापुढे ठेवायला दोन सह्यांचा कागद असतो.

लोकांकडून जमलेला पैसा आणि क्लबचा स्वतःचा पैसा यांची खातीही वेगळी हवीत. सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून बैठका, पदग्रहण, टपाल, प्रवास यांचा खर्च करावा; जनतेकडून उपक्रमासाठी आलेली रक्कम जनतेच्या कामासाठीच वापरावी. लायन्स क्लबांमध्ये प्रशासकीय आणि उपक्रम निधी असे दोन हिशेब स्वतंत्र ठेवण्याचा नियमच आहे. ज्या क्लबवर असा नियम बंधनकारक नाही त्यानेही तो आपणहून स्वीकारावा.

स्वयंसेवकांची जमवाजमव करताना संख्येपेक्षा वाटणी महत्त्वाची. रक्तदान शिबिर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, कारण तिथे क्लबच्या हातात वैद्यकीय काम काहीच नसते, तरीही शिबिराचे यश क्लबवरच अवलंबून असते. पहिले पाऊल म्हणजे तारीख रक्तपेढीला विचारून ठरवणे. रक्तातील लाल पेशी साठवणीच्या पद्धतीनुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ ते ७ दिवस. सगळ्या संस्थांनी १४ जूनला, म्हणजे जागतिक रक्तदाता दिनाला, एकदम शिबिरे घेतली तर पेढीत रक्त साचते आणि त्या दिवशीचे रक्तदाते पुढचे बरेच आठवडे पुन्हा रक्त देऊ शकत नाहीत. म्हणून टंचाईचे महिने पेढीकडून समजून घ्यावेत आणि एका मोठ्या शिबिराऐवजी वर्षात दोन-तीन लहान शिबिरे घ्यावीत, मग विक्रमाची बातमी हुकली तरी चालेल. शिबिराच्या दिवशी दारावरचा स्वयंसेवक, अर्ज भरायला मदत करणारा, रांग सांभाळणारा आणि अल्पोपाहाराच्या टेबलाशी उभा राहणारा असे चौघे तरी हवेत. यातला शेवटचा सर्वांत दक्ष असावा: रक्त दिल्यावर भोवळ येते ती बहुधा उठून चालू लागल्यावर, त्यामुळे प्रथमच रक्त देणाऱ्याला दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवणे, त्याच्या चेहऱ्याचा रंग आणि घाम यांकडे लक्ष देणे आणि गरज वाटताच परिचारिकेला हाक मारणे हे त्याचे काम. ज्याचे वजन किंवा हिमोग्लोबिन कमी भरल्याने त्याला परत पाठवले जाते, त्याच्याशी दोन शब्द बोलायलाही कोणीतरी असावे. तो हिरमुसून गेला तर पुन्हा येत नाही.

कोणत्याही उपक्रमात एका स्वयंसेवकाची पाळी चार तासांपेक्षा मोठी नसावी आणि प्रत्येक कामाला बदली माणूस ठरलेला असावा. मुलांसोबतच्या कामात एकट्या प्रौढाला एकट्या मुलासोबत ठेवू नये, हा नियम सभासदांनाही अपवाद न करता लावावा. छायाचित्रे संमतीनेच काढावीत, मुलांची असल्यास पालकांच्या. वस्तू हातात देताना पाच जणांनी तिला हात लावून कॅमेऱ्याकडे पाहण्याची प्रथा बंद केली तर घेणाऱ्याचा संकोच पुष्कळ कमी होईल.

काम संपल्यावर देणगीदारांना आठवड्याभरात पावतीसह आभाराचे पत्र जावे आणि महिन्याभरात जमाखर्चाचे एक पान, ज्यात कार्यक्रमाचा खर्च लपवलेला नसेल. त्यानंतरची भेट तिसऱ्या महिन्यात ठेवावी. नेत्रशिबिर असेल तर चष्मे खरोखर वापरले जातात का, शस्त्रक्रिया झालेले फेरतपासणीला गेले का. वृक्षारोपण असेल तर किती रोपे जगली आणि त्यांना पाणी कोण घालते, हे तिथे जाऊन पाहावे व जसे दिसले तसे लिहावे. ही नोंद, अंदाजपत्रक, प्रत्यक्ष खर्च, रोकड मोजणीचे तक्ते, परवान्यांच्या प्रती, स्वयंसेवकांची यादी आणि ज्या संस्थेबरोबर काम केले तिच्याशी झालेला करार एकाच फाइलमध्ये लावून ती फाइल ३० जूनपूर्वी भावी अध्यक्षांकडे सहीनिशी सोपवावी.