पायथनमध्ये इनपुट कसे तपासावे

वय विचारणारा प्रोग्राम तुम्ही लिहिता, २५ टाकून पाहता, चालतो. मग दुसरे कोणी 'पंचवीस' टाइप करते आणि प्रोग्राम व्हॅल्यूएरर (मूल्य चुकीचे असल्याची त्रुटी) देऊन बंद पडतो. यात वापरणाऱ्याचा दोष नाही. काय लिहायचे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आधी एक गोष्ट पक्की करा: इनपुट() नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे अक्षरांची माळच, देते. २५ टाकले तरी हाती येतात ती दोन अक्षरे. त्यांची संख्या करायचे काम इंट() करते, आणि ते जमले नाही की व्हॅल्यूएरर येतो.

इथे बरेच नवशिके आधी इझडिजिट() ने आकडे आहेत का ते पाहतात. मी तसे करू नका म्हणेन. '-५' ला ते नकार देते, आणि वर्गाचा चिमुकला २ (²) टाकला तर होकार देते. पण इंट() ला तो चालत नाही. उलट इंट() मागचीपुढची स्पेस स्वतःच काढते, देवनागरी '२५' सुद्धा बरोबर वाचते. तेव्हा रूपांतर करूनच पाहावे, फसले तर सावरावे.

त्यासाठी व्हाइल ट्रू लूप घ्या, म्हणजे आपण थांबवेपर्यंत फिरत राहणारा लूप. आत पहिल्या ओळीत इनपुट मागा. पुढे ट्राय (फसू शकणारा भाग यात लिहितात), आणि त्यात फक्त इंट() ची एकच ओळ. त्याखाली एक्सेप्ट व्हॅल्यूएरर, म्हणजे ती एरर आली तर काय करायचे: संदेश छापा आणि कंटिन्यू लिहा, म्हणजे प्रश्न पुन्हा विचारला जाईल. एररचे नाव लिहायला विसरू नका. इनपुटची ओळही ट्रायमध्ये ठेवून नुसते एक्सेप्ट लिहिले, तर प्रोग्राम थांबवणारे कंट्रोल-सी दाबूनही लूपमधून सुटका होत नाही.

संख्या मिळाली म्हणजे ती पटण्यासारखी आहे असे नाही; वय ५०० सुद्धा इंट() ला मान्य असते. म्हणून नंतर मर्यादा तपासा. पायथनमध्ये ० <= वय <= १२० असे सरळ लिहिता येते. बसले तर ब्रेक लिहून लूपमधून बाहेर, नाहीतर पुन्हा संदेश.

दशांश हवे असतील तर फ्लोट() वापरा, पण एक खाच आहे. कोणी इंग्रजीत एन-ए-एन ('संख्या नाही' अशा अर्थाचे खास मूल्य) ही तीन अक्षरे टाकली, तर फ्लोट() ती निमूट स्वीकारते, आणि त्या मूल्याशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते. '० पेक्षा कमी किंवा १०० पेक्षा जास्त असेल तर नाकार' ही अट त्याला आत सोडते. '० ते १०० मध्ये असेल तरच घे' ही अट अडवते. अट नेहमी दुसऱ्या पद्धतीने लिहा.

संदेशाकडेही लक्ष द्या. 'चुकीचे इनपुट' वाचून कोणाला काही कळत नाही. 'वय ० ते १२० मधल्या पूर्ण संख्येत लिहा, उदा. २५' असे लिहा.

शेवटी हे सगळे एका फंक्शनमध्ये ठेवा, ब्रेकच्या जागी रिटर्न येईल. मग मुद्दाम नुसते एंटर, 'अबक', १२.५, -१, १२० आणि १२१ टाकून बघा. यातले फक्त १२० स्वीकारले गेले पाहिजे.