नस की हिरडी? दातांच्या ओपीडीत पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी थोडं

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच महिन्यातली गोष्ट. अमळनेरकडच्या खेड्यातले एक आबा आले, खालच्या दाढेच्या बाजूला हिरडीवर फुगा आणि त्यातून पू. "हाई दाढ दुखी ऱ्हायनी, भाकर चावता येत नई." मी आरशाने बघितलं, टार्टर (दातांवरचा कडक थर) भरपूर, वर्षानुवर्षं मिश्री लावलेली, मग काय, हिरडीचाच आजार असणार म्हणून स्केलिंग केलं, म्हणजे तो थर खरवडून काढला, गोळ्या लिहून दिल्या आणि पाठवलं. दहा दिवसांनी आबा परत, फुगा तसाच. शिकवणाऱ्या मॅडमनी त्या दाढेला बर्फ लावला, आबांना काहीच कळलं नाही. शेजारच्या दाढेला लावला तर लगेच हात वर. नस, म्हणजे दाताच्या आतला जिवंत भाग, मेलेली होती आणि मुळाच्या टोकाचा पू हिरडीच्या कडेने वाट काढत होता. रूट कॅनाल केल्यावर काही आठवड्यात पू यायची ती वाट बुजली. आबांचे दहा दिवसांचे हाल मी केले हे अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

तेव्हापासून मी प्रोब (मिमीच्या खुणा असलेली बारीक सळई) हातात घेतल्याशिवाय हिरडीबद्दल बोलत नाही. प्रोब एका जागी टोचून काढायचा नसतो, दाताभोवती पावलं टाकत फिरवायचा असतो, आणि प्रत्येक दाताच्या सहा जागी पॉकेटचं, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या फटीच्या खोलीचं माप लिहायचं. निरोगी हिरडीत 1 ते 3 मिमी. जोर साधारण 25 ग्रॅम. अंदाज येत नसेल तर टोक स्वतःच्या अंगठ्याच्या नखाखाली दाबून बघा, दुखायच्या आत थांबायचं, तेवढाच जोर. पॉकेट रुंद असेल, आजूबाजूच्या दातांनाही असेल आणि नस जिवंत असेल तर बहुतेक हिरडीचाच आजार. पण तोंडभर सगळं 2-3 मिमी आणि एकाच जागी प्रोब एकदम 9-10 मिमी खाली गेला तर थांबा, तिथे नस मेलेली असू शकते किंवा मूळ उभं तडकलेलं असू शकतं. हिरडी खाली सरकली असेल तर तेही मोजा, नाहीतर पॉकेट 3 मिमी दिसतो आणि दाताला धरून ठेवणारा आधार मात्र 6-7 मिमी गेलेला असतो. आपल्याकडे अजून एक गोष्ट, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पेशंटची हिरडी कमी रक्ताळते, म्हणजे रक्त नाही म्हणून हिरडी बरी असं समजू नका.

आता नसेचं. पेशंटला "दुखतं का" विचारून काही हाती लागत नाही, "थंड पानी लागनं का कितला येळ दुखस?" हे विचारा, आमच्या भागात अहिराणीत विचारलं की माणूस मोकळेपणाने सांगतो. पाणी गिळलं की कळ गेली, तर नस वाचू शकते, कीड काढून फिलिंग करून बघता येतं. अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त ठणकत राहिली, रात्री आपोआप उठवत असेल, गरम चहाने वाढत असेल, तर ती नस आता परत बरी होणार नाही. आणि आधी खूप दुखायचं, आता एकदम थांबलं असं कोणी खुशीत सांगितलं तर नस मेलेली असू शकते, ती दाढ आधी तपासा.

नस जिवंत आहे का हे थंडी लावून बघायला कोल्ड स्प्रे नसेल तर सुईच्या टोपणात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा, बर्फाची कांडी तयार. दात कापसाने कोरडा करायचा, आधी दुसऱ्या बाजूच्या चांगल्या दातावर लावायचं म्हणजे पेशंटला कळतं काय जाणवायला पाहिजे, आणि मग दुखरा. म्हाताऱ्या माणसांत नस आकसलेली असते, कॅप बसवलेल्या दाताला थंडी पोचत नाही, तिथे उत्तर आलं नाही म्हणजे नस मेलीच असं धरू नका. दाढेला दोन-तीन मुळं, त्यातलं एक मेलेलं आणि एक जिवंत असंही असतं, मग टेस्ट फसवते.

एक्स-रे काढाच, पण सगळं त्याच्यावर सोडू नका, हाडातलं 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय हाड गेल्याचा काळा डाग नीट दिसतच नाही. हिरडीवर पुटकुळी असेल तर तिच्या छिद्रातून बारीक गटापर्चा पॉइंट (रूट कॅनाल भरायची रबरासारखी काडी) हलकेच आत सरकवून मग एक्स-रे घ्या, पॉइंटचं टोक ज्या मुळापाशी थांबेल तिथून पू येतोय. आबांच्या वेळी मी एवढं जरी केलं असतं तरी पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आणि केसपेपरवर टेस्ट कुठल्या दातावर केली, उत्तर काय आलं, किती सेकंद दुखलं हे त्याच वेळी लिहा, दुपारी ओपीडी संपल्यावर चाळीस पेशंटमधलं कोणाचं काय होतं ते आठवत नाही.