महाकाव्यातला पर्वत नकाशावर कसा शोधावा : महेंद्राचे उदाहरण

आजच्या नकाशात महेंद्रगिरी हे नाव ओडिशात सापडते आणि तमिळनाडूतही सापडते. म्हणून शोधाची सुरुवात नकाशापासून न करता ग्रंथातल्या नेमक्या उताऱ्यापासून करावी. उतारा निवडला की तो चिकित्सित आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या पाठात, आहे का, हे आधी पाहावे. महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आणि रामायणासाठी बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराची आवृत्ती वापरावी.

त्यानंतर पर्वताच्या वर्णनापेक्षा तिथवरच्या वाटेकडे लक्ष द्यावे, कारण उंच शिखरे, सिद्धगण आणि फुललेली वने कवी कोणत्याही पर्वताला देतो, पण नद्यांचा क्रम सहसा उगाच येत नाही. महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिर गंगासागरसंगमावरून किनाऱ्याने कलिंगात येतो, वैतरणी ओलांडतो, महेंद्रावर परशुरामाचे दर्शन घेतो आणि पुढे गोदावरीकडे जातो. वैतरणी आणि गोदावरी यांच्यामधला, समुद्राजवळचा हा पर्वत म्हणजे ओडिशातल्या गजपती जिल्ह्यातला सुमारे 1,500 मीटर उंचीचा महेंद्रगिरी होय.

हा निष्कर्ष स्वतंत्र साधनांवर तपासून घ्यावा. पुराणांच्या नदीसूच्यांत महेंद्रातून निघणाऱ्या नद्यांमध्ये वंशधरा आणि लाङ्गूलिनी यांची नावे येतात, आणि वंशधरा आजही त्याच प्रदेशातून वाहते. कालिदासाच्या रघुवंश काव्यातला रघूही उत्कलातून कलिंगात येऊन महेंद्र जिंकतो आणि मगच कावेरीकडे वळतो. सर्वांत भक्कम पुरावा मात्र ताम्रपटांचा आहे : कलिंगाचे गंग राजे महेंद्रशिखरावरच्या गोकर्णस्वामीचे (शिवाचे) भक्त म्हणवून घेत असत. नाव, जागा आणि राजसत्ता यांचा असा मेळ फार थोड्या पौराणिक पर्वतांच्या बाबतीत बसतो.

ज्या महेंद्रावरून हनुमानाने उड्डाण केले, त्याचा विचार वेगळा करावा. रामायणाच्या किष्किंधाकांडात सुग्रीव वानरांना दक्षिणेची वाट सांगताना आधी कावेरी, ताम्रपर्णी आणि पांड्य राजांचे द्वार सांगून मग समुद्रालगतच्या महेंद्राचे वर्णन करतो, त्यामुळे तिरुनेलवेली भागातला महेंद्रगिरी (ज्याच्या परिसरात आज इस्रोचे केंद्र आहे) अधिक जुळतो. तरीही त्याच कांडात पुढे वानरांना विंध्य पर्वत आणि महासागर एकाच ठिकाणाहून दिसतात; विंध्य तर तिरुनेलवेलीपासून फार उत्तरेला आहे. म्हणून हे स्थान ‘संभाव्य’ अशीच नोंद करावी. ओडिशातल्या महेंद्राइतका भरवसा त्यावर ठेवू नये.

स्थानिक श्रद्धा शेवटी आणि आदराने विचारात घ्यावी. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्राच्या डोंगरालाही महेंद्रगिरी म्हणतात. कोकणातली परशुरामभक्ती पाहता हे नाव तिथे रुजणे स्वाभाविक आहे. परंतु वनपर्वातला युधिष्ठिर महेंद्र मागे टाकून, गोदावरी आणि द्रविड देश पाहून, बऱ्याच प्रवासानंतर शूर्पारकाला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला पोहोचतो. ग्रंथकर्त्याच्या मनातला महेंद्र पूर्व किनाऱ्यावरचा होता, हे एवढ्यावरून स्पष्ट होते.