पणजोबांचं पदक घासू नका: या चुका टाळा

खंडेनवमीला आमच्या ठाण्यातल्या चरईच्या घरी कोयत्या-विळ्यांसोबत पणजोबांचं पदकही पाटावर मांडलं जायचं. आदल्या दिवशी आजी ते चिंच आणि राखेनं लख्ख घासायची. मोठ्या मायेनं करायची. पण पहिल्या महायुद्धातल्या सेवेसाठी मिळालेल्या या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते, आणि घासताना झिजते ती आधी कडाच. आज आमच्या पदकावर ‘११७ मराठाज’ एवढंच वाचता येतं. ही पलटण इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होती; तिथल्या फौजेनं २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. पणजोबांची नोंद शोधायला नंबर हवा होता, तो पुसला गेला.

म्हणून चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, सराफाकडचं पॉलिश, काहीच नको. चांदीवरचा काळेपणा म्हणजे गंधकाशी झालेल्या संयोगाचा थर. घासलं की त्या थरासोबत चांदीही जाते. ठाण्यात खाडीच्या चिखलातून गंधकयुक्त वायू येतो, त्यामुळे पदक पुन्हा काळं पडणारच. पडू द्या.

हिरवट, चिकट डाग दिसला तर आधी पदक ठेवलेलं पाकीट बघा. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटातून तेलकट द्रव्य सुटतं. पदक बाहेर काढा, आम्लविरहित कागदात गुंडाळा, डबीत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा. पावसाळ्यात ते बदलत राहा. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र जवळ नको. त्यांतही गंधक असतं. हात लावताना हातमोजे घाला, घामातलं मीठ धातूवर बसतं.

फीत धुऊ नका, नवी शिवू नका. नारिंगी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा, काळा आणि निळा, अशी मूळ फीत जीर्ण असली तरी तीच ठेवा.

संग्रहालयाला देताना सरसकट ‘शौर्यपदक’ लिहून देऊ नका. हे युद्धसेवेचं पदक. शौर्यासाठी वेगळी होती: १८३७ सालापासून ऑर्डर ऑफ मेरिट, १९०७ पासून इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. चुकीची पाटी एकदा लागली की पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

अक्षरं पुसट असतील तर खडू किंवा शाई भरू नका. खोली अंधारी करा, टॉर्च कडेला आडवी धरा, पदक हळूहळू फिरवत मोबाइलनं प्रत्येक अक्षराचा फोटो घ्या. समोरून न दिसणारी अक्षरं आडव्या उजेडाच्या सावलीत उठून दिसतात. आमचं ‘११७’ असंच सापडलं.