उन्हाळी सुट्टीत नौकानयनपटूंनी या चुका टाळाव्यात

हंगाम संपतो, संघ पांगतो आणि विद्यार्थी नौकानयनपटूच्या हाती एकदम दोन-तीन महिने मोकळे येतात. या काळात तंदुरुस्ती घसरली तर दोष आळसाला दिला जातो. माझ्या मते मात्र अधिक नुकसान होते ते आधी सराव पूर्ण थांबवून शेवटच्या पंधरवड्यात तो सगळा भरून काढण्याच्या धडपडीने.

हंगामानंतर आठ-दहा दिवस वल्ह्याला हात न लावणे योग्यच आहे, पण ही विश्रांती लांबवू नये. सराव पूर्ण थांबला की रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच घटू लागते आणि दोन ते चार आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता लक्षात येण्याइतकी उतरते. स्नायूंची ताकद त्या मानाने उशिरा कमी होते आणि येथेच फसगत होते, कारण अंगात जोर जाणवत राहतो. परंतु २००० मीटरच्या शर्यतीत लागणारी बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्यानेच निर्माण होत असल्यामुळे तिसऱ्या ५०० मीटरमध्ये दम नेमका तुटतो. दिलासा हा की कमावलेला दम टिकवण्यासाठी तो कमावताना लागले तेवढे कष्ट लागत नाहीत. सरावाचे दिवस आठवड्याला दोन-तीनवर आणले तरी चालते; मात्र त्यांतील एखाद्या दिवसाची तीव्रता हंगामाइतकीच राहिली पाहिजे.

एर्ग (जमिनीवर वल्हवण्याचा सराव करण्याचे यंत्र) उपलब्ध असेल तर त्याचा डँपर, म्हणजे चाकात शिरणारी हवा कमी-जास्त करणारा खटका, १० वर नेऊन ओढणे ही नेहमीची चूक आहे. तो आकडा मेहनतीचा नव्हे, हवेच्या अवरोधाचा असतो. शिवाय यंत्रात धूळ साचली की त्याच आकड्यावर अवरोध बदलतो. म्हणून पडद्यावरील ड्रॅग फॅक्टर (प्रत्यक्ष अवरोधाचे माप) पाहून तो साधारण ११० ते १३० दरम्यान ठेवावा. प्रत्येक वेळी स्वतःचीच परीक्षा घेण्याचा मोहही आवरावा. बहुतेक सत्रे मिनिटाला १८ ते २० स्ट्रोकच्या संथ लयीत, पूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्याच दमाने करावीत.

कंबर दुखू लागली तर आधी तंत्र तपासावे. बहुधा पुढे झुकताना नितंबाच्या सांध्यातून वाकण्याऐवजी पाठ गोल केलेली असते, किंवा पायांनी ढकलण्यापूर्वीच धड मागे उघडलेले असते. एकट्याने सराव करताना हे सांगणारे कोणी नसते, म्हणून बाजूने चित्रफीत घेऊन पाहावी. सलग एक तास ओढण्याऐवजी २० मिनिटांचे तीन भाग करावेत आणि मध्ये उठून चालावे. थकलेली पाठच गोल होते.

बरगड्यांकडे मात्र दुर्लक्ष मुळीच करू नये. खोल श्वास घेताना, खोकताना किंवा झोपेत कूस बदलताना बरगडीत एकाच जागी कळ येत असेल, तर तो ताणामुळे पडलेल्या तड्याचा इशारा असू शकतो. सरावाचे प्रमाण अचानक वाढवणाऱ्या नौकानयनपटूंमध्ये ही दुखापत परिचित आहे. अशा वेळी ओढणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे, कारण वेदना दाबून केलेला आठवड्याभराचा सराव पुढे कित्येक आठवडे वाया घालवू शकतो.

यंत्र नसेल तर सायकल, पोहणे किंवा धावणे यांनी दम टिकतो, मात्र धावण्याची सवय नसल्यास पोटऱ्या आणि गुडघे यांना हळूहळू सरावू द्यावे. उन्हाला शरीर सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोपर्यंत स्प्लिट (दर ५०० मीटरला लागणारी वेळ) मंदावली तर तिच्या मागे धावू नये, तीव्रता कमी करावी. सरावाआधी व नंतर वजन केल्यास घामावाटे किती पाणी गेले याचा अंदाज येतो.

परतल्यावर प्रशिक्षकांना सुट्टीत करायचे ठरवलेले नव्हे, प्रत्यक्ष जेवढे केले तेवढेच सांगावे, कारण पहिल्या आठवड्यांतील सरावाचे प्रमाण त्यावरून ठरते आणि कंबर-बरगड्यांवर किती भार पडणार, हेही.